एकाच वेळी अनेक औषधे घेताना रक्त आणि यकृतावर होणारे परिणाम : नाशिकच्या रुग्णांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड आणि गुडघेदुखी या चारही तक्रारी एकाच व्यक्तीला असणे आता नवलाचे राहिलेले नाही. अडचण अशी की या चार तक्रारींसाठी चार डॉक्टर असतात, एक चिठ्ठी कॉलेज रोडची आणि दुसरी नाशिकरोडची असते, काही गोळ्या घराजवळच्या मेडिकलमधून आणि काही गोळे कॉलनीच्या औषधबाजारातून येतात, आणि सगळ्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून कोणीच पाहिलेल्या नसतात. आम्हा डॉक्टरांच्या पाहण्यात येणारे बहुतेक दुष्परिणाम एखाद्या वाईट औषधामुळे झालेले नसतात; ते या न पाहिलेल्या बेरजेतून झालेले असतात. पुढील उत्तरे वाचून कोणतीही चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. फिट्सची, हृदयाची, क्षयरोगाची आणि स्टेरॉइडची गोळी अचानक सोडण्याचा धोका कित्येकदा तिच्या दुष्परिणामापेक्षा मोठा असतो.

औषधांचा भार यकृतावरच का येतो?

तोंडाने घेतलेले औषध आतड्यातून शोषले गेल्यावर सर्व शरीरात पसरण्याआधी एका मोठ्या शिरेवाटे थेट यकृतात जाते. तेथील विकरे, म्हणजे एन्झाइम, त्या औषधाचे रूपांतर करून ते लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर टाकण्याजोगे करतात. ही विकरे मोजकीच असतात आणि अनेक औषधे त्याच विकरांवर अवलंबून असतात. त्यामुळे एखादे औषध विकराचे काम मंदावते तेव्हा दुसऱ्या औषधाची रक्तातील पातळी डोस न वाढवताही वाढते, आणि एखादे औषध विकराला चेतवते तेव्हा दुसरे औषध वेळेआधीच संपून निकामी ठरते. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक पहिल्या प्रकारात मोडतात, तर क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन दुसऱ्या प्रकारात.

यकृताला होणारी इजाही दोन तऱ्हांची असते. एक मात्रेवर अवलंबून असते, म्हणजे ठरावीक प्रमाणापुढे औषध गेले तर ती कोणालाही होऊ शकते. दुसरी मात्र मोजक्याच व्यक्तींना, नेहमीच्या डोसवरही होते आणि ती कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. दुसऱ्या तऱ्हेची इजा बहुधा औषध सुरू केल्यापासून काही दिवस ते तीन महिन्यांच्या काळात दिसते. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटसारख्या प्रतिजैविकाची कावीळ तर कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही उमटते, त्यामुळे रुग्ण डॉक्टरांना त्या गोळ्यांचा उल्लेखच करत नाही.

पॅरासिटामॉल तर सगळेच घेतात, मग त्याची भीती कशासाठी?

योग्य प्रमाणात पॅरासिटामॉल हे अत्यंत सुरक्षित औषध आहे आणि आम्ही ते रोज लिहून देतो. निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते. वजन ५० किलोपेक्षा कमी असलेल्या, नियमित मद्यपान करणाऱ्या, अनेक दिवस नीट न जेवलेल्या किंवा यकृताचा आजार असलेल्या व्यक्तीसाठी डॉक्टर ही मर्यादा बहुधा २ ते ३ ग्रॅमपर्यंत खाली आणतात.

प्रश्न बेरजेचा आहे. सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या एखाद्या कामगाराला ताप आला असे समजू. तो तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेतो : १९५० मिलिग्रॅम. नाक वाहते म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली सर्दीची गोळी तीनदा घेतो, तिच्यात प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते : आणखी १५०० मिलिग्रॅम. कंबर आधीपासून दुखत असते, म्हणून ॲसिक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ चालूच असते : ६५० मिलिग्रॅम. बेरीज ४१०० मिलिग्रॅम होते, आणि त्याच्या मते त्याने तापाच्या तीनच गोळ्या घेतलेल्या असतात. एखाद्या दिवशी असे झाले तर सशक्त माणसाला बहुधा काही होत नाही. उपाशीपोटी, दारूची सवय असताना, चार-पाच दिवस सलग असेच चालले तर मात्र यकृताचा साठा संपत जातो.

हा साठा ग्लुटाथिऑन नावाच्या द्रव्याचा असतो. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात एका विषारी द्रव्यात बदलतो आणि ग्लुटाथिऑन त्याला लगेच निष्प्रभ करते. ते संपले की विष यकृताच्या पेशींना भिडते. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा उपलब्ध आहे आणि एकदम जास्त गोळ्या घेतल्या गेल्या असतील तर पहिल्या ८ तासांत तो सर्वाधिक उपयोगी पडतो. पहिल्या दिवशी रुग्णाला फक्त मळमळ असते किंवा काहीच वाटत नसते, म्हणून ‘बरा दिसतोय, सकाळी पाहू’ असे म्हणत थांबणे घातक ठरते. तातडीने रुग्णालयात न्यावे आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत घ्यावीत.

रिपोर्टमध्ये एसजीपीटी वाढलेला आला. गोळ्या बंद कराव्यात का?

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतील विकर असून पेशींना इजा झाली की ते रक्तात वाढते. त्याच्या एकट्या आकड्यावरून निर्णय होत नाही. नाशिकमध्ये तपासणी करून घेणाऱ्या अनेकांना आधीपासूनच फॅटी लिव्हर असते आणि त्यांचा एसजीपीटी औषधांशिवायही थोडा वाढलेला असतो. म्हणूनच नवीन औषध सुरू करण्यापूर्वीचा रिपोर्ट हाताशी असणे फार मोलाचे असते. तो नसेल तर आजच्या, समजा ७८, या आकड्याचा अर्थ लावताना डॉक्टरही चाचपडतात.

ढोबळ नियम असा, की एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या तिपटीपेक्षा कमी असेल, बिलिरुबिन (कावीळ आणणारे पिवळे द्रव्य) सामान्य असेल आणि कोणतीही लक्षणे नसतील, तर औषध बहुधा चालू ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली जाते. एसजीपीटी तिपटीपेक्षा जास्त आणि त्याचबरोबर बिलिरुबिन दुपटीपेक्षा जास्त, आणि पित्तनलिकेत अडथळा नाही, असे दिसले तर ती धोक्याची घंटा असते. हायमन झिमरमन या यकृततज्ज्ञांनी नोंदवलेल्या निरीक्षणानुसार अशा रुग्णांपैकी साधारण दहापैकी एकाचे यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. यकृताचे प्रत्यक्ष काम कसे चालले आहे हे एसजीपीटीपेक्षा अल्ब्युमिन (यकृतात तयार होणारे प्रथिन) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) यांवरून अधिक कळते, तरी घरोघरी चर्चा एसजीपीटीचीच होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्या ‘लिव्हर खराब करतात’ या ऐकीव भीतीने बंद करणारे रुग्ण आम्हाला नेहमी भेटतात. स्टॅटिनमुळे एसजीपीटी किंचित वाढू शकतो, परंतु गंभीर इजा अत्यंत विरळ असते. ॲटॅक येऊन गेलेल्या माणसाने ती गोळी सोडण्याचे नुकसान कितीतरी अधिक आहे. स्टॅटिनबाबत खरी काळजी जोडीच्या औषधांची असते. सिम्व्हास्टॅटिनसोबत क्लॅरिथ्रोमायसिन दिले गेले तर स्नायू झिजून लघवी गडद होऊ शकते, म्हणून अशा कोर्सच्या काळात स्टॅटिन थांबवण्यास डॉक्टर सांगतात.

कोणती लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे?

लघवी चहासारखी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अन्नावरची वासना अचानक उडणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, पुरळाशिवाय सर्वांगाला खाज सुटणे ही यकृताची लक्षणे आहेत. ताप व घसादुखीबरोबर तोंडात फोड येणे, हिरड्यांतून रक्त येणे, मार न लागता अंगावर निळे-जांभळे डाग उमटणे, डांबरासारखी काळी शौचास होणे ही रक्ताशी संबंधित लक्षणे होत. लोहाच्या गोळीनेही शौच काळपट होते. ती चालू असल्यास तसे सांगावे. रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा दिवसा झोपून रात्री जागू लागला, तर कावीळ मेंदूपर्यंत पोहोचल्याची शंका घ्यावी आणि वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

टीबीच्या गोळ्या चालू असताना इतर औषधे घेता येतात का?

घेता येतात, पण प्रत्येक औषध टीबीच्या डॉक्टरांना दाखवूनच. भारतात औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेचे सर्वांत मोठे कारण क्षयरोगाची औषधे हेच आहे. नेहमीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन यकृतावर परिणाम करू शकतात. इथॅम्ब्युटॉल यकृताला सहसा त्रास देत नाही, त्याचा दुष्परिणाम डोळ्यांवर होऊ शकतो.

रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र त्या रंगामुळे काविळीची गडद लघवी ओळखणे अवघड जाते, म्हणून भूक आणि डोळ्यांच्या रंगाकडे अधिक लक्ष ठेवावे. लक्षणे असताना एसजीपीटी मर्यादेच्या तिपटीपुढे, किंवा लक्षणे नसताना पाचपटीपुढे गेला, तर डॉक्टर ही औषधे थांबवतात, आकडे खाली आल्यावर एकेक औषध पुन्हा सुरू करतात आणि बहुतेक रुग्णांचा उपचार अशा रीतीने पूर्ण होतो. मळमळ झाली म्हणून स्वतःच गोळ्या सोडून देणारा रुग्ण मात्र औषधांना न जुमानणाऱ्या टीबीकडे वाट करून देत असतो.

दुसरी बाजू कमी सांगितली जाते. रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि एचआयव्हीवरील काही औषधे निष्प्रभ होतात. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या स्त्रीने या काळात दुसरे साधन वापरणे आवश्यक आहे. आयसोनियाझिडमुळे फिट्सवरील फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन यांची पातळी वाढते. रिफॅम्पिसिन बंद केल्यावरही त्याचा प्रभाव सुमारे दोन आठवडे टिकतो, त्यामुळे ते चालू असताना वाढवलेले इतर औषधांचे डोस त्यानंतर पुन्हा कमी करावे लागतात. नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. दाताच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्यात का?

आधी विचारावे. झडप बदललेल्या किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या रुग्णांना आपल्याकडे ॲसेनोकूमॅरॉल किंवा वॉर्फरिन दिले जाते आणि आयएनआर बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवला जातो. काही कृत्रिम झडपांसाठी तो थोडा वर ठेवतात. दाढ सुजल्यावर मिळणाऱ्या चिठ्ठीत अनेकदा मेट्रोनिडॅझोल हे जंतुनाशक आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक असते. मेट्रोनिडॅझोल रक्त पातळ करणाऱ्या औषधाचे विघटन रोखते, त्यामुळे आयएनआर काही दिवसांतच चढतो. डायक्लोफेनॅक त्याच वेळी जठराचे अस्तर सोलते आणि प्लेटलेटचे काम मंदावते. दोन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर असतात. रक्तस्राव होतो तो त्या एका पोटात गेल्यामुळे. असा कोर्स टाळता येत नसेल तर तीन-चार दिवसांनी आयएनआर तपासून डोस बदलता येतो.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनीही गुडघेदुखीसाठी परस्पर वेदनाशामक घेऊ नये. ॲसिडिटीची गोळी लागलीच तर क्लोपिडोग्रेलसोबत ओमेप्राझोलऐवजी पँटोप्राझोल निवडले जाते, कारण ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करते. पालेभाज्यांनी आयएनआर बदलतो म्हणून ॲसेनोकूमॅरॉल किंवा वॉर्फरिन घेणाऱ्यांनी मेथी-पालक बंद करण्याची गरज नाही. आठवडाभर अजिबात नाही आणि मग रोज दोन वेळा, असे मात्र करू नये.

औषधांमुळे रक्तातील पेशी कशा कमी होतात?

पांढऱ्या पेशी साधारणपणे ४,००० ते ११,००० आणि प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात. काही औषधे या पेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला दाबतात, तर काही औषधांमुळे शरीर स्वतःच्याच पेशी नष्ट करू लागते.

सर्वाधिक टाळता येण्याजोगा अपघात मेथोट्रेक्सेटचा आहे. संधिवात आणि सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. घरी बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, डबा भरणारी सून किंवा नातू हीही रोज ठेवतो, आणि आठ-दहा दिवसांत तोंड सोलवटून निघते, पाठोपाठ पेशी कोसळतात. चिठ्ठीवर ‘फक्त रविवारी’ असा वार लिहून घ्यावा आणि तो पाकिटावर पेनाने पुन्हा लिहावा. याच रुग्णाला लघवीच्या जंतुसंसर्गासाठी को-ट्रायमॉक्साझोल दिले गेले, तर योग्य डोसवरही अस्थिमज्जा दाबली जाऊ शकते, कारण दोन्ही औषधे फोलेट या जीवनसत्त्वाच्या वापरात अडथळा आणतात. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने हे नाव पाठ करून ठेवावे असे आम्ही आवर्जून सांगतो.

ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणाऱ्या रुग्णाचे युरिक ॲसिड वाढले म्हणून ॲलोप्युरिनॉल सुरू झाले, तर ॲझाथायोप्रिन पूर्वीच्या साधारण पाव डोसवर आणावे लागते; युरिक ॲसिडचीच दुसरी गोळी फेबुक्सोस्टॅट तर ॲझाथायोप्रिनसोबत टाळलेलीच बरी. थायरॉइड जास्त असताना दिल्या जाणाऱ्या कार्बिमॅझोलने क्वचित, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा होतात. अशा रुग्णाने ताप आणि घसादुखी अंगावर काढू नये. येथे मात्र अपवाद म्हणून गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करावी. फिट्सवरील व्हॅल्प्रोएटमुळे प्लेटलेट कमी होतात आणि दोन वर्षांखालील, फिट्सची अनेक औषधे घेणाऱ्या बाळांमध्ये यकृताचा धोकाही सर्वाधिक असतो.

वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी एकत्र घेणाऱ्यांना काय होते?

दोन्हींमुळे बी-१२ कमी होत जाते. शुद्ध शाकाहारी व्यक्तीत ते अधिक लवकर जाणवते. हिमोग्लोबिन घटते, पायांना मुंग्या येतात आणि त्या मुंग्या ‘शुगरच्याच’ समजल्या जातात. वर्षातून एकदा बी-१२ तपासावे, आणि ॲसिडिटीची गोळी खरोखर अजून हवी आहे का हेही विचारावे.

पावसाळ्यात ताप आला तर नेहमीच्या गोळ्यांचे काय?

पावसाळा आणि त्यानंतरचे दिवस नाशिकमध्ये डेंग्यूचे असतात. निदान होईपर्यंत तापासाठी पॅरासिटामॉलखेरीज काही घेऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि ॲस्पिरिन यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर प्लेटलेट पाहून ते थांबवायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. डेंग्यू स्वतःच यकृताला सूज आणतो, एसजीओटी (एसजीपीटीसारखेच दुसरे विकर) बहुधा एसजीपीटीपेक्षा जास्त वाढतो, आणि म्हणून पॅरासिटामॉलचीही मर्यादा येथे कडकपणे पाळावी. मुलांना निमेसुलाइड हे ताप-वेदनेचे औषध देऊ नये; १२ वर्षांखालील मुलांसाठी ते भारतात २०११ पासून बंद आहे, तरी जुन्या बाटल्या घरात सापडतात. पपईच्या पानांचा रस घेणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही, पण त्यावर विसंबून रोजची सीबीसी टाळू नये.

आयुर्वेदिक काढा किंवा चूर्ण सोबत घेतले तर चालते का?

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे गृहीत बरोबर नाही. करोनाच्या काळात अनेकांनी गुळवेलीचा काढा महिनोन्‌महिने घेतला. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी त्यानंतर झालेल्या यकृताच्या इजेची प्रकरणे प्रसिद्ध केली आणि २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांची नोंद पुढे आली. त्यांपैकी काहींना आधीपासून न ओळखलेला स्वप्रतिकारक यकृतदाह होता. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेत, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असे म्हटले. रुग्णाच्या दृष्टीने या वादाचा अर्थ सरळ आहे : काढ्यात नेमके काय पडते आहे याची खात्री नसेल आणि सोबत टीबीची, संधिवाताची किंवा फिट्सची औषधे चालू असतील, तर तो घेऊ नये. लेबल नसलेल्या पुड्यांतील भस्मांत शिसे आढळते आणि त्याने रक्तक्षय होतो. नोंदणीकृत वैद्यांकडून उपचार घेत असाल तर त्यांना ॲलोपॅथीची यादी आणि आम्हाला त्यांची यादी दाखवावी. लपवण्याची गरज नाही, कोणी रागावणार नाही.

द्राक्षे आणि वाईन यांचे काय?

निफाड-दिंडोरीची द्राक्षे औषधांसोबत निर्धास्त खावीत. मधुमेही व्यक्तींनी साखरेचा हिशेब तेवढा ठेवावा. औषधांच्या माहितीपत्रकात ज्या ग्रेपफ्रूटचा इशारा असतो ते संत्रे-मोसंबीच्या कुळातले फळ आहे. ते आतड्यातील विकर रोखून सिम्व्हास्टॅटिन, काही रक्तदाबाच्या गोळ्या आणि अवयव प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे टॅक्रोलिमस यांची पातळी वाढवते. आपल्याकडे मिळणारे पपनस त्याचेच भाऊबंद असून त्याच्या बाबतीतही हीच सावधगिरी बाळगावी.

वाईन ही दारूच आहे, हे या शहरात जरा ठासून सांगावे लागते. १२ टक्क्यांच्या वाईनच्या १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असते. टीबीची औषधे किंवा मेथोट्रेक्सेट चालू असताना ती पूर्ण वर्ज्य करावी.

सुरगाणा, पेठ, कळवण भागातील रुग्णांसाठी वेगळी काही काळजी आहे का?

आहे. या आदिवासी तालुक्यांत सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आढळतात. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाल्यापासून तपासणी वाढली आहे. आजारासाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाने पेशी कमी होऊ शकतात, त्यामुळे सीबीसी चुकवू नये. हिवतापाचा प्रिमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स किंवा कुष्ठरोगावरील डॅप्सोन सुरू करण्याआधी जी-६-पीडी तपासणी शक्य तिथे करून घ्यावी. या विकराची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधांनी फुटतात आणि लघवी काळपट लाल होते.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे?

सगळी पाकिटे एका पिशवीत. यादी लिहून आणण्यापेक्षा हे बरे, कारण यादीत डोळ्यांचे थेंब, झोपेची गोळी, जिममधली पावडर, शेजाऱ्यांनी दिलेली गोळी आणि काढा हमखास राहून जातात. गोळ्या कापताना पाकिटावरचे नाव आणि मुदत कापली जाऊ नये. सोबत जुना एलएफटी (यकृताची तपासणी), सीबीसी आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाची तपासणी) रिपोर्ट ठेवावा. मूत्रपिंड मंद असेल तर यकृताला न झेपणारे औषधही अधिक काळ शरीरात रेंगाळते.

दुष्परिणाम झाल्यास नोंद कुठे करता येते?

भारतीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू असून त्याचे समन्वयन गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोग करतो. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कार्यालयीन वेळेत रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः नोंद करू शकतात. त्यासाठी डॉक्टरांची परवानगी लागत नाही आणि औषधामुळेच त्रास झाला हे सिद्धही करावे लागत नाही. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, सुरू केल्याची तारीख, त्याच काळात चालू असलेली इतर सर्व औषधे आणि झालेला त्रास एवढी माहिती जवळ ठेवावी. बॅच क्रमांक पाकिटाच्या कडेला छापलेला असतो, म्हणून त्रास झालेल्या औषधाचे रिकामे पाकीट नोंद होईपर्यंत फेकू नये.